फुलांचं भांडं

घड्याळजींच्या प्रार्थनेची चर्चच्या मंडळीत दहशत होती. दहशतच म्हणायची, उगाच गोड शब्द कशाला शोधा? रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, "आता आपले बंधू प्रार्थना करतील," की मागच्या बाकांवर सुस्कारे सुटायचे, आया पोरांना बाहेर फिरवून आणायच्या, आणि घरी गॅसवर काही ठेवून आलेल्या बायका त्याची आशा सोडून द्यायच्या. गल्लीतली बंद पडलेली घड्याळं चालू करणं हा ह्या माणसाचा धंदा. पण एकदा डोळे मिटून उभा राहिला, की वेळ नावाची काही चीज जगात आहे हेच विसरायचा. सुरुवात थेट सृष्टीच्या उत्पत्तीपासून. नोहाचं तारू पाण्याला लागेपर्यंत पहिल्या बाकावरचेसुद्धा पेंगायला लागलेले असायचे.

आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बरोबरच आहे. आजारी माणूस उठत नाही, घड्याळ बघत नाही, 'जरा काम आहे' म्हणून सटकत नाही. असा श्रोता शोधून सापडायचा नाही.

त्यातलाच एक किस्सा. मंडळीत ऑर्गन वाजवणारे म्हातारे मास्तर होते, ते एकदा फार आजारी पडले. घड्याळजी त्यांना बघून आले आणि पुढच्या रविवारी भर उपासनेत गळा काढून म्हणाले, "हे प्रभू, आमच्या मास्तरांना आता अंथरुणात लघवीचंसुद्धा भान राहत नाही, तू त्यांची लाज राख!" प्रभूला ते आधीच ठाऊक असणार. मंडळीला ठाऊक नव्हतं, तिला झालं. मास्तर पुढे खडखडीत बरे झाले, पण ऑर्गनवर पुन्हा बसले नाहीत. लोक हळहळले आणि त्यांच्यासाठी आणखी एक प्रार्थना केली.

सुनेचंही त्यांनी असंच केलं होतं. मुलगा बोटीवर नोकरीला, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. सून घर सांभाळायची, दुकानाच्या मागच्या खोलीत शिलाईचं मशीन चालवायची. उपासनेला यायची, पण सासऱ्यांची प्रार्थना सुरू झाली की हळूच उठून बाहेर जायची आणि पायरीवर बसून राहायची. एका रविवारी घड्याळजींनी डोळे मिटूनच नेम धरला. "प्रभू, आमच्याच घरात एक जण आहे, तिचं कठीण मन तू मऊ कर!" घरी आल्यावर ती पदर खोचून कामाला लागता लागता म्हणाली, "बाबा, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. देवाचा उगाच घोटाळा नको व्हायला." घड्याळजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिला तेवढीच शांतता मिळाली.

तिची स्वतःची प्रार्थना म्हणाल, तर जेवणाआधी क्षणभर डोळे मिटायची आणि पुटपुटायची, "आजचं निभाव, देवा." बस्स. घड्याळजी मनात म्हणायचे, ही काय प्रार्थना झाली? एवढ्यात तर माझं 'हे स्वर्गीय, सर्वसमर्थ, सनातन' सुद्धा होत नाही!

आणि मग एका सकाळी, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देताना, घड्याळजी खाली कोसळले. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. अहो, ज्यांच्या जिभेला हाड नव्हतं, त्यांची जीभच उचलेना! डोकं मात्र लख्ख. सगळं कळायचं, सगळं ऐकू यायचं, बोलता काही यायचं नाही.

सुनेने त्यांचं सगळं केलं. तोंड धुणं, भरवणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं. दवाखान्यातून आणलेलं लघवीचं भांडं तोंडाने अरुंद निघालं, तर तिने घरातला पांढरा, कानाचा, एनॅमलचा जग त्या कामाला लावला. रोज घासून लखलखीत करून पलंगाशेजारच्या स्टुलाखाली ठेवायची. खुणाही ठरवून टाकल्या. डाव्या हाताने पलंगाची कड वाजवली की पाणी. डावा हात वर केला की भांडं. हात वर झाला रे झाला, की ती मशीनवरून, चुलीपुढून, कुठूनही धावत यायची, तोंड दुसरीकडे फिरवून भांडं धरायची, आणि तेवढ्या वेळात शेजारणीची नाहीतर भावाची काहीतरी गंमत सांगत राहायची, म्हणजे म्हाताऱ्याला अवघडायला नको.

एक गोष्ट मात्र घड्याळजींनी आजवर राखली होती. आजारी पडल्यापासून एकदाही त्यांनी अंथरूण ओलं केलं नव्हतं. हात गेला, पाय गेला, वाचा गेली. एवढी एकच इज्जत शिल्लक होती. ती गेली तर काय होईल, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मंडळीत ती बातमी कशी पसरते, कोणत्या सुरात पसरते, शेवटी 'आमेन' कसं लावतात, हे सगळं त्यांनीच तर लोकांना शिकवलं होतं.

अशात एका दुपारी मंडळी घरी आली.

आधी कळवलं वगैरे काही नाही. प्रभूचं काम, त्याला कसली वेळ! पुढे पाळकसाहेब, त्यांच्यामागे महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई, मग आवाजाचा गडगडाट असलेला बेकरीवाला, आणि त्यांच्यामागे, घरी काही काम नसलेले सगळे. खोली एवढीशी. लोक पलंगाला खेटून उभे राहिले. खिडकीचा उजेड अडला, वारा अडला.

अध्यक्षीणबाईंच्या हातात फुलं होती. रविवारी वेदीवर ठेवलेली. रविवार होऊन बरेच दिवस झाले होते, फुलांनाही ते कळलं होतं. पण टाकून कशी देणार? वेदीवरची फुलं! म्हणून दर आठवड्याला ती कोणातरी आजाऱ्याच्या माथी मारली जायची.

"अगं, ही फुलं ठेवायला काहीतरी दे," असं बाई सुनेला म्हणाल्या, आणि तिने तोंड उघडायच्या आत त्यांची नजर स्टुलाखाली गेली. "हा काय, आहे की! छान आहे गं जग. असला एनॅमल हल्ली मिळत नाही." त्यांनी तो उचलला, तांब्यातलं पाणी त्यात काठोकाठ ओतलं, फुलं खोचली आणि पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या टेबलावर पवित्र शास्त्राच्या शेजारी नेऊन ठेवला.

सुनेचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काकू, तो जग..."

"राहू दे, राहू दे, आम्ही काय परके आहोत? तू चहा टाक. आणि दार ओढून घे, भांड्यांचा आवाज नको. आत्म्यात व्यत्यय येतो."

ती क्षणभर घुटमळली. सासऱ्यांकडे बघितलं. एवढ्या लोकांसमोर ते कसलं भांडं आहे हे सांगायचं तर सासऱ्यांचीच अब्रू जायची. घड्याळजींनीही डोळ्यांनीच सांगितलं, नको. ती गेली. मागे दार लागलं.

पाळकसाहेबांनी सुरुवात केली. बऱ्यापैकी आटोपशीर केली, माणूस तसा वाईट नव्हता. त्यांना आणखी दोन घरं करायची होती. पण नंतर त्यांनी घोडचूक केली. म्हणाले, "आणखी कोणाला प्रार्थना करायची असेल तर..."

बेकरीवाला ह्याचीच वाट बघत होता. घड्याळजी पडल्यापासून मंडळीत लांब प्रार्थनेची जागा रिकामी होती आणि त्या जागेवर त्याचा डोळा होता. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "हे स्वर्गीय, सर्वसमर्थ, सनातन परमेश्वर बापा! तू आकाश निर्माण केलंस! तू पृथ्वी निर्माण केलीस!"

घड्याळजींनी शब्द ओळखले. त्यांचेच होते. चोराने निदान क्रम तरी बदलायचा!

आणि नेमकी त्याच वेळी त्यांना लागली.

सुरुवातीला त्यांनी दुर्लक्ष केलं. आता संपेल, मग सून येईल. बेकरीवाला अजून आदामापाशी होता. घड्याळजींनी हिशोब केला: आदामानंतर नोहा, नोहानंतर अब्राहाम, मग मिसर देश, मग लाल समुद्र. लाल समुद्र! त्यांच्या पोटात कळ आली. त्यांनी स्वतः त्या समुद्रापाशी किती वेळ काढलेला होता! आजाऱ्यांच्या उशाशी उभं राहून पाण्याच्या भिंती उभ्या केल्या होत्या. तेव्हा पलंगावरच्या माणसाला काय होत असेल, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता.

समोर टेबलावर तो जग. पांढरा शुभ्र, काठोकाठ भरलेला, वर मान टाकलेली फुलं. बघवत नव्हतं, आणि दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

शेवटी राहवेना. घड्याळजींनी डावा हात वर केला.

कोणी बघितलं नाही, सगळ्यांचे डोळे मिटलेले. मग अध्यक्षीणबाईंनी एक डोळा किलकिला केला. हा डोळा त्या प्रत्येक प्रार्थनेत किलकिला करायच्या, कोण आलंय आणि काय घालून आलंय ते बघायला. त्यांना हात दिसला.

"स्तुती असो!" त्या किंचाळल्याच. "बघा, बघा! हात वर केला! भाऊ स्तुती करताहेत!"

झालं. खोलीत वीज संचारली. "हालेलूया!" "आत्मा उतरला!" ज्याने त्याने आपापले हात वर केले आणि डोळे आणखी घट्ट मिटले. पाळकसाहेबांनी, दोन घरं राहिली होती तरी, हात वर केले. बेकरीवाल्याच्या अंगात तर बळच आलं. अब्राहामापर्यंत आला होता, तो परत सृष्टीच्या उत्पत्तीला गेला.

घड्याळजींनी त्या हातांकडे बघितलं. त्या घरच्या भाषेत सांगायचं, तर अख्खी मंडळी भांडं मागत उभी होती. दुसऱ्या कुठल्या वेळी त्यांना हसू आलं असतं. आता हसले असते तर संपलंच असतं.

त्यांनी हात जोरजोरात हलवला. "हो भाऊ, हो!" अध्यक्षीणबाई गदगदल्या. घड्याळजींनी दाराकडे बोट केलं. "स्वर्गाकडे बोट दाखवताहेत!" दार होतं पूर्वेला आणि स्वर्ग असतो वर, पण भरात आलेल्या माणसाला दिशा कोण विचारतो? घशातून नुसता घोगरा आवाज निघाला, तर बेकरीवाला म्हणाला, "प्रभू, तुझा सेवक आत्म्यात कण्हतो आहे, त्याचं कण्हणं ऐक!"

आत्म्यात नाही रे बाबा, मूत्राशयात! पण ओरडणार कसं?

तेव्हा घड्याळजींनी डोळे मिटले. जन्मभर ज्याच्याशी तासन्‌तास बोलले, त्याच्याशी बोलायला आता एवढंच सुचलं: देवा, भांडं. ना 'स्वर्गीय', ना 'सनातन'. देवा, भांडं. देवा, सूनबाईला पाठव. इतक्या कळकळीने त्यांनी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं.

बेकरीवाला लाल समुद्रापाशी पोचला. "तू आज्ञा केलीस आणि पाणी..."

सगळं घड्याळजींच्या हातून सुटलं. आधी गरम लागलं, मग नको इतकं हलकं वाटलं, मग लाजेने कान तापले. चादरीवर डाग पसरायला लागला. त्यांनी डावा हात खाली घेऊन तो झाकायला बघितला. एका हाताने किती झाकणार? अजून सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. पण 'आमेन' कधीतरी येणारच होतं. मघापर्यंत ज्या आमेनची त्यांनी जिवाच्या आकांताने वाट बघितली, ते आता येऊच नये असं त्यांना झालं. डोळे उघडतील. अध्यक्षीणबाईंचा तर आधी उघडेल. आणि रविवारी कोणीतरी गळा काढून म्हणेल, तू ह्यांची लाज राख.

तेवढ्यात दार उघडलं.

सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने हवेत उंचावलेले हात बघितले, सासऱ्यांचा चेहरा बघितला, चादर बघितली. बेकरीवाल्याचा सूर खाली आला होता. म्हणजे समुद्र ओलांडून झाला होता आणि शेवट जवळ आला होता. "...हे सर्व आम्ही तुझ्या पवित्र नावाने..."

तिने ट्रे दाराजवळच्या खुर्चीवर ठेवला. आवाज न करता दोन माणसांच्या मधून वाट काढली. टेबलावरचा जग उचलला. आणि "अगबाई, पाय अडकला!" असं ओरडून तो अख्खाच्या अख्खा घड्याळजींवर उपडा केला.

गार पाणी, सडके देठ, पाकळ्या. छातीपासून गुडघ्यापर्यंत चिंब. निम्मं पाणी पाळकसाहेबांच्या बुटांत गेलं. सगळ्यांचे डोळे एकदम उघडले, आणि त्यांना दिसली ती एक वेंधळी सून, एक ओलाचिंब म्हातारा आणि सगळीकडे फुलंच फुलं. त्यापलीकडे दिसण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"अगं काय केलंस हे!" अध्यक्षीणबाईंनी कपाळाला हात लावला. "प्रत्यक्ष आत्मा उतरत होता आणि तू त्याच्यावर पाणी ओतलंस!"

"चुकलं काकू. लक्ष नव्हतं."

"लक्ष कुठून असणार? उपासनेतून उठून जातेस, प्रार्थनेला थांबत नाहीस. आजारी माणसावर गार पाणी! आणि तेही वेदीवरच्या फुलांचं!" बोलता बोलता त्या पुढे झाल्या. "सरक बाजूला, बघू ती चादर."

सुनेने चटकन चादरीचं टोक मुठीत पकडलं. "राहू दे काकू, तुमचे कपडे खराब होतील. मी करते."

एवढं म्हणायचा अवकाश, बाई दोन पावलं मागे झाल्या. चादर धरायला आणखी कोणी पुढे आलं का म्हणता? छे! सगळ्यांना एकदम आठवलं की उशीर झाला आहे. मात्र जाण्याआधी पाळकसाहेबांनी, ओल्या बुटांत चुळबुळत, एक छोटी प्रार्थना केलीच, ह्या घरातल्या बहिणीला प्रभूने सेवेची समज द्यावी म्हणून. ती मान खाली घालून, चादर मुठीत धरून, शेवटपर्यंत उभी राहिली. 'आमेन'ही म्हणाली. बेकरीवाल्याने जाता जाता दोन कप चहा घेतला.

पुढच्या रविवारी अध्यक्षीणबाईंनी साक्ष दिली. आमच्या प्रार्थनेने लुळ्या भावाचा हात वर गेला, असं त्या म्हणाल्या. तो हात लुळा नव्हताच, पण साक्षीच्या मध्ये कोण तोंड घालतो? मग त्यांनी सुनेच्या कठीण मनासाठी सर्वांना प्रार्थना करायला सांगितलं. मंडळीने केली. लांबलचक केली.

त्या दुपारी मात्र, सगळे गेल्यावर, सुनेने दार लावलं. चादर काढली, गादी उलटी केली, कोमट पाण्याने सासऱ्यांना पुसलं, कोरडे कपडे घातले. फुलं गोळा करून कचऱ्यात टाकली. जग घासला, पुसला आणि त्याच्या जागी स्टुलाखाली ठेवला. ह्या सगळ्या वेळात ती, शिवायला टाकलेला झगा नेताना शेजारीण मापावरून कशी भांडली, ते रंगवून सांगत होती. झाल्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही.

घड्याळजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी माफी मागायचा प्रयत्न केला, तर घोगरा आवाज आला. तिने त्यांचं तोंड पुसलं. "झालं ते झालं, बाबा. फुलांचं पाणी होतं ते, एवढंच लक्षात ठेवा."

ती बादली उचलून वळली, तेवढ्यात घड्याळजींनी डावा हात वर केला.

"परत?" तिने बादली ठेवली आणि लगबगीने वाकून भांडं काढलं.

घड्याळजींनी मान हलवली. नाही.

"मग पाणी हवंय? की कूस बदलू?"

नाही, नाही.

ती भांडं हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने ते हळूच खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरं. पण खाली घ्या आता हात. दुखेल."

त्यांनी घेतला नाही.